यादीतली आडनावं

टेलिफोन डिरेक्टरी काही कुणी बसून वाचत नाही. नंबर बघायचा आणि मिटून ठेवायची. पण 1960 नंतरच्या मुंबईत एका साप्ताहिकानं ती ओळीनं वाचायला घेतली, आणि त्या वाचनातून पुढं एक पक्ष उभा राहिला.

साप्ताहिकाचं नाव 'मार्मिक'. 'फ्री प्रेस जर्नल'मधली व्यंगचित्रकाराची नोकरी सोडून बाळ ठाकरे यांनी भाऊ श्रीकांत यांच्या साथीनं 13 ऑगस्ट 1960 रोजी ते सुरू केलं. आधी ते हसवणारं, टोप्या उडवणारं साप्ताहिक होतं. मग त्यात याद्या यायला लागल्या. अमक्या कंपनीतले अधिकारी, तमक्या कचेरीतले साहेब, एकाखाली एक नावं, आणि त्यांतली बहुतेक दाक्षिणात्य. वर मथळा असायचा, 'वाचा आणि थंड बसा'. पुढं तो बदलून 'वाचा आणि उठा' झाला. यादीखाली फारसं भाष्य करावंच लागत नसे. आडनावं वाचली की वाचणाऱ्याला वाटायचं, आपल्या पोराची नोकरी कुणी घेतली ते आज कळलं.

19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली. नाव सुचवलं ठाकरे यांचे वडील प्रबोधनकार यांनी. 30 ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिली जाहीर सभा झाली आणि मैदान भरून गेलं. पुढं हा पक्ष किती मोठा झाला, कितीदा वळला आणि फुटला, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्या मोठेपणाविषयी लिहायचं नाही. लहान असताना, पहिल्या चार-पाच वर्षांत, तो कसा वाढला तेवढंच मला बघायचं आहे. 'बाहेरचे आले, आपलं घेतलं' या एका वाक्यावर जे पक्ष उभे राहतात, त्यांचं सगळं गुपित त्यांच्या बालपणात असतं.

एक गोष्ट आधीच सांगते. त्या यादीमागचं दुःख खोटं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला, 1 मे 1960 ला राज्य मिळालं, मुंबई मिळाली. पण मिळालेल्या मुंबईत मराठी बोलणारे निम्मेही नव्हते; 1961 च्या जनगणनेत ते 43 टक्क्यांच्या आसपास होते. गिरणीत साच्यावर उभा राहणारा मराठी, गोदीत ओझं उचलणारा मराठी. व्यापार गुजराती-मारवाड्यांकडं. आणि कचेरीत, पंख्याखाली, इंग्रजी टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून आलेले दक्षिणेकडचे लोक. गिरणीकामगाराचा पोरगा मॅट्रिक होऊन घरी बसला होता. बापासारखं साच्यावर जायचं त्याच्या मनात नव्हतं, आणि कचेरीचं दार उघडत नव्हतं. अशा घरातल्या आईची काळजी काय असते हे कुणी आपल्याला शिकवायला नको.

दुःख खरं होतं, पण यादीनं त्याचं बोट कुठं वळवलं ते बघा. नोकऱ्या का वाढत नाहीत, आपल्या शाळांत इंग्रजी आणि टायपिंग नीट का शिकवत नाहीत, गिरणीमालक नफ्याचं काय करतात, हे प्रश्न यादीत बसत नव्हते. रोख राहिला तो दाक्षिणात्य कारकुनावर, साहेबावर, आणि कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलवाल्यावर. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही घोषणा त्याच काळातली. दक्षिणेकडच्या भाषांना 'यंडुगुंडू' म्हणून हसायची सवयही तेव्हाची.

आमच्या हुबळी-धारवाडकडून बघितलं की या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. त्या 'दाक्षिणात्यां'त आमची माणसं होती.

नव्या पिढीच्या मुलींना हे सांगावं लागतं की 1956 पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. धारवाडच्या पोराला नोकरीसाठी आज जसं बंगळूर, तशी तेव्हा मुंबई. ती त्याच्या राज्याची राजधानीच होती. माझ्या आत्याचे यजमान असेच हुबळीहून गेलेले. माटुंग्याला दोन खोल्या, फोर्टात कारकुनी. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली, धारवाड म्हैसूर राज्यात गेलं आणि हे परप्रांतीय झाले. खोली तीच, नोकरी तीच, ट्राम तीच. माणूस जागेवरून हलला नव्हता. सरहद्दच त्याला ओलांडून पलीकडं गेली होती.

आत्या सांगायची, दारावरच्या पाटीवर 'पाटील' होतं म्हणून आम्ही वाचलो. हुबळीकडचा जैन पाटील घरात कन्नड बोलतो, सांगलीकडचा जैन पाटील मराठी. लिंगायतांत पाटील आहेत, मराठ्यांत आहेत. डिरेक्टरीतून यादी करणाऱ्याला यांतला कुठला पाटील कुठला, ते कळायची सोय नव्हती. उलट 'धारवाडकर' आडनावाचा माणूस खास मराठी ठरायचा, आणि त्याच धारवाडातून आलेला 'हिरेमठ' परका ठरायचा. शेजारच्या उडुपीकडच्या वैनींनी 1969 मध्ये आपल्या दारावरची नावाची पाटी उतरवली आणि पिठाच्या डब्यात दडवून ठेवली. आत्याच्या सांगण्यात भीतीपेक्षा त्या पिठाच्या डब्याचंच नवल जास्त असायचं.

1969 पर्यंत गोष्ट कशी आली ते पाहू. सेना सुरुवातीला म्हणायची की आम्हाला राजकारण नको, आम्ही 80 टक्के समाजकारण करू. पण 1967 च्या लोकसभा निवडणुकीत तिनं मुंबईत व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध जोरात प्रचार केला. मेनन केरळचे आणि डाव्या विचारांचे, म्हणजे दोन्ही कारणं एकाच माणसात सापडली. ते हरले. गंमत अशी, की त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांसारख्या बलाढ्य पुढाऱ्याला पाडून मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस निवडून आले. कामगारांनी त्यांचं आडनाव बघितलं नाही, आपल्या युनियनचा माणूस बघितला. मुंबईत तेव्हा दोन्ही रस्ते उघडे होते.

ऑगस्ट 1967 मध्ये ठाणे नगरपालिकेत 40 पैकी 17 जागा सेनेला मिळाल्या. मार्च 1968 मध्ये मुंबई महापालिकेत 140 पैकी 42. जन्माला दोन वर्षंही झाली नव्हती. सत्तेवरच्या काँग्रेसला हा पोरगा फारसा नावडता नव्हता, कारण गिरणगावातल्या कम्युनिस्टांना तो परस्पर अंगावर घेत होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या नावावरून लोक सेनेला 'वसंतसेना' म्हणायचे, ते काही उगाच नाही. लहान पक्ष स्वतःच्या बळावर वाढतो त्याहून जास्त मोठ्यांच्या सोयीनं वाढतो.

मग सीमाप्रश्न आला. बेळगाव कुणाचं, यासाठी 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. 1967 मध्ये अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवायचं, 264 गावं महाराष्ट्राला द्यायची आणि 247 गावं म्हैसूरला, असं त्यात म्हटलं होतं. महाराष्ट्राला ते मान्य झालं नाही. सेनेनं केंद्रातल्या मंत्र्यांना मुंबईत अडवायचं ठरवलं. फेब्रुवारी 1969 मध्ये उपपंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईत आले, त्यांची गाडी न थांबता निघून गेली आणि शहर पेटलं. चार दिवस दगडफेक, जाळपोळ, गोळीबार. ठाकरे यांना अटक होऊन येरवड्याला नेलं. पन्नासांहून अधिक माणसं मेली, त्यांत सेनेच्या हाकेवर रस्त्यावर आलेली मराठी पोरंही होती. उडुपी हॉटेलं फुटली. त्या हॉटेलांतली कपबशी विसळणारी पोरं कर्नाटकातल्या कुठल्या तरी खेड्यातून उपाशी पोटी आलेली होती, आणि बाहेर दगड मारणारी पोरं कोकणातून-घाटावरून तशीच आलेल्या बापांची होती. बेळगाव मात्र जिथं होतं तिथंच राहिलं.

जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. आरोप शिवसैनिकांवर आला. रिकाम्या जागेसाठी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा कृष्णा देसाईंची पत्नी सरोजिनी देसाई उभी राहिली. तिच्याविरुद्ध सेनेचे वामनराव महाडिक थोड्या मतांनी जिंकले आणि सेनेचे पहिले आमदार झाले. ज्या कारणासाठी याद्या छापल्या जात होत्या त्याच्याशी या लढतीचा काय संबंध? देसाई मराठी, महाडिक मराठी, मतदार मराठी गिरणीकामगार. यादी परक्याच्या नावानं सुरू झाली खरी, पण चारच वर्षांत एका मराठी विधवेच्या विरोधात येऊन उभी राहिली.

आता कुणी म्हणेल, ही मुंबईची गोष्ट झाली, आपण इकडचे, आपल्याला काय. तर आपल्या गावाचा इतिहासही जरा उघडून बघू या, कारण इथं पारडं उलटं होतं.

एकोणिसाव्या शतकात धारवाडच्या कचेरीत, शाळेत मराठीचा वरचष्मा होता. मुंबई इलाख्याचा कारभार, पेशवाईपासून चालत आलेली कारकून मंडळी, साहजिकच मराठी. कन्नड मुलूख असून कन्नड पोराला मराठी शिकल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी आयुष्यभर खटपट केली. 1890 मध्ये रा. ह. देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला. 'आपल्याच गावात आपली भाषा परकी झाली' हे 1960 मधलं मुंबईच्या मराठी माणसाचं वाक्य, धारवाडच्या कन्नड माणसानं सत्तर वर्षं आधी बोलून ठेवलं होतं. आणि ते बोलायला लावणारे आपण मराठी होतो. पुढं आलूर वेंकटराव यांनी कर्नाटक एकीकरणाचं स्वप्न पाहिलं. आलूर टिळकांना मानणारे, मराठी उत्तम जाणणारे. त्यांनी स्वतःच्या भाषेचा अभिमान बाळगला, त्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या आडनावाची यादी करावी लागली नाही.

यादीचं राजकारण कर्नाटकात आलं ते बंगळूरच्या बाजूनं, आणि तेही त्याच साठीच्या दशकात. तिथं कन्नड माणसाचा राग तमिळांवर. कारखान्यात तमिळ, थेटरात तमिळ सिनेमे, रामनवमीच्या उत्सवात तमिळ गायक. साहित्यिक अ. न. कृष्णराव यांच्यासारखे लोक त्या चळवळीत होते. वाटाळ नागराज यांनी चळवळीचा पक्ष केला आणि 1967 मध्ये ते बंगळूरातून आमदार झाले. ज्या वर्षी मुंबईत 'मद्रासी' नको म्हणून कृष्ण मेनन यांना पाडलं, त्याच वर्षी बंगळूरात कन्नड चळवळीचा आमदार निवडून आला. मुंबईच्या घोषणेत कन्नड माणूस मद्रासी, बंगळूरच्या घोषणेत तो मद्रासींचा बळी.

आणि आमच्या धारवाडनं या कहाणीत एक बाईही दिली. डॉ. सरोजिनी महिषी. 1962 पासून चार वेळा धारवाड उत्तरमधून लोकसभेवर गेल्या, केंद्रात मंत्री झाल्या. कर्नाटकातून निवडून गेलेल्या पहिल्या महिला खासदार. फार शिकलेल्या, अनेक भाषा जाणणाऱ्या. रामकृष्ण हेगडे सरकारनं 1983 मध्ये कन्नडिगांच्या नोकऱ्यांविषयी समिती नेमली, तिच्या त्या अध्यक्ष. 1986 च्या अंतिम अहवालात 58 शिफारशी होत्या. राज्यातल्या केंद्रीय कचेऱ्यांत आणि कारखान्यांत खालच्या जागा पूर्णपणे कन्नडिगांना द्याव्यात, वरच्या जागांतही मोठा वाटा राखावा, असं त्यांचं सांगणं होतं. महिषी बाईंनी दगड उचलला नाही, कुणाच्या पाटीला हात लावला नाही. सरकारी कागदावर, आकडेवारी मांडून, कायद्याच्या भाषेत लिहिलं. तरीसुद्धा आजपर्यंत इथली प्रत्येक संघटना हातात 'महिषी वरदी' घेऊनच रस्त्यावर येते. 'वरदी' म्हणजे अहवाल. अहवाल लिहिणारी बाई 2015 मध्ये गेली, अहवाल अजून मोर्च्यात चालतो आहे.

हे फक्त आपल्याच देशात घडतं असं समजू नका. तुर्कस्तानात 2021 च्या ऑगस्टमध्ये उमित ओझदा नावाच्या प्राध्यापक-पुढाऱ्यानं झाफेर पार्टिसी, म्हणजे 'विजय पक्ष', काढला. शेजारच्या सिरियात युद्ध पेटल्यावर जवळजवळ 36 लाख सिरियन जीव मुठीत धरून तुर्कस्तानात आले होते. घरभाडं वाढलं, भाकरी महाग झाली, रोजंदारी पडली. तिथल्या गरिबाचं दुःखही खरंच होतं. या पक्षाचं सांगणं एकच, यांना परत पाठवा. हे सांगणारा पुढारी स्वतः जपानमध्ये, टोकियोत जन्मलेला! 2023 च्या निवडणुकीत पक्षाला 2 टक्क्यांच्या थोडी वर मतं मिळाली, जागा एकही नाही. पण अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीआधी विरोधी पक्षाच्या उमेदवारानं, त्या दोन टक्क्यांसाठी, ओझदा यांच्याशी लेखी करार केला. कालपर्यंत सौम्य बोलणाऱ्या त्या उमेदवाराच्या फलकांवर 'सिरियन जातील' असं आलं. तो तरीही हरला. पुढच्या वर्षी जूनअखेर कायसेरी शहरात सिरियनांची दुकानं आणि गाड्या जळाल्या.

दोन टक्क्यांच्या पक्षाचं हे खरं यश. आपल्याकडंही तसंच. महाराष्ट्र नवनिर्माण सेना 2006 मध्ये निघाली, 2008 मध्ये तिनं उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्यांना आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना मारलं. 2009 मध्ये 13 आमदार आले, 2014 मध्ये एक, 2019 मध्ये एक, 2024 मध्ये शून्य. जागा गेल्या, भाषा राहिली. तिची भाषा आज सगळ्याच पक्षांच्या तोंडी आहे. अशा पक्षाची ताकद मोजायची तर त्याचे आमदार मोजून उपयोग नाही. आपल्या घरात, पंगतीत, हळदी-कुंकवाला 'हे बाहेरचे' हा शब्द किती सहज येतो ते मोजायला हवं.

आणि बाहेरचं म्हणजे तरी कोण? मैत्रिणींनो, 2011 च्या जनगणनेनं मोजलं की आपला जन्मगाव किंवा पूर्वीचं गाव सोडून दुसरीकडं राहणारी माणसं या देशात 45 कोटींच्या वर आहेत. त्यांतल्या दर तिघांत दोन बायका. आणि बायकांनी गाव सोडायचं सगळ्यात मोठं कारण लग्न. या देशातला सगळ्यात मोठा स्थलांतरित समाज म्हणजे सासरी आलेल्या सुना. आपली भाषा मागं ठेवून, हाताची चव बदलून, नव्या गावात शून्यापासून सुरू करणाऱ्या.

आपल्या समाजात तर हे फारच उघड आहे. दक्षिण भारत जैन सभा 1899 मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधीला स्थापन झाली, तेव्हा कोल्हापूर, सांगली, बेळगाव, धारवाड असा भेद तिनं केला नाही. एकाच मांडवात मराठी आणि कन्नड बोललं जायचं. 1956 मध्ये त्या मांडवातून राज्याची रेघ गेली. सभा एक राहिली, सोयरिकीही चालू राहिल्या. आजही इचलकरंजीची मुलगी हुबळीला येते, हुबळीची सांगलीला जाते. माझी आजी नांद्र्याहून आली तेव्हा तिला 'नीर' म्हणजे पाणी एवढाच कन्नड शब्द माहीत होता. शेवटी शेवटी ती झोपेतही कन्नडच बोलायची.

तर मग हे वाचा. जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं. खासगी कारखान्यांत-कचेऱ्यांत व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि इतर 70 टक्के जागा 'स्थानिक उमेदवारां'ना. स्थानिक कोण? जो कर्नाटकात जन्मला, इथं 15 वर्षं राहिला, आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं तो. उद्योगवाल्यांनी ओरड केली आणि दोन दिवसांत विधेयक थांबवलं गेलं. चर्चा झाली ती बंगळूरच्या संगणक कंपन्यांची. 'जन्मला' या एका शब्दाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. सांगलीला जन्मून विसाव्या वर्षी हुबळीला आलेली, इथं चाळीस वर्षं नांदलेली, कन्नड माध्यमात पोरांचा अभ्यास घेणारी बाई या व्याख्येनं कधीच स्थानिक होत नाही. तिचा नवरा स्थानिक, पोरं स्थानिक, ती परकी. कुणी हे दुष्टपणानं लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'माणूस' म्हणजे पुरुष होता, आणि पुरुष बहुधा जन्मला तिथंच राहतो.

कन्नड यायला हवं हे मला शंभर टक्के मान्य आहे. ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावची भाषा शिकायची, यात कमीपणा कसला? आपल्यातल्या ज्या बायका चाळीस वर्षं राहूनही भाजीवालीशी मोडक्या हिंदीत बोलतात त्यांना मी तोंडावर सांगते. पण भाषा शिकता येते. जन्म कुठून शिकणार?

नुसत्या यादीनं कुणाचं पोट भरलं का, हेही इतिहासाला विचारायला हवं. 1970 च्या दशकात सेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीनं बँकांत, विमा कंपन्यांत, कचेऱ्यांत मराठी पोरांना नोकऱ्या मिळवून दिल्या, हे खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला. दोन लाखांहून अधिक कामगार त्यात होते आणि बहुतेक मराठी. संप मोडला, गिरण्या एकेक करून बंद झाल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उठले. मराठी माणसाची इतकी मोठी रोजीरोटी एका झटक्यात गेली, ती कुठल्या उडुपीवाल्यानं घेतली नव्हती. तेव्हा छापायला एकही यादी उपयोगाची नव्हती.

त्याच मुंबईत, 1972 मध्ये, आणखी एक गोष्ट घडली होती. ती पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही. दुष्काळ, तेल-साखर-रॉकेलची टंचाई, भाव आभाळाला भिडलेले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी महागाई प्रतिकार महिला समिती काढली. हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. मोर्चे मंत्र्यांच्या दारापर्यंत गेले. रेशनच्या रांगेत पुढच्या बाईचं आडनाव विचारून भाव कमी होत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी परक्याला शोधलं नाही, साठेबाजाला शोधलं. राग त्यांनाही होता, तो फक्त योग्य दारावर नेला.

गेल्या वर्षी, फेब्रुवारी 2025 मध्ये, बेळगावजवळ भाषेवरून एका बस कंडक्टरला मार बसला. त्याच्या उत्तरादाखल चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं. दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. दोन्ही बाजूच्या लहान-मोठ्या संघटनांना चार दिवस बातम्यांत जागा मिळाली. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतली एक सून कोल्हापूरला आईच्या ऑपरेशनसाठी निघाली होती. स्टँडवर तिला सांगितलं, आज पलीकडं गाडी नाही. ती पिशवी घेऊन परत आली आणि रात्रभर फोनवर आईशी बोलत बसली, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये, तिचं तिलाही कळत नव्हतं कुठली भाषा कुठं संपते.

पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर यादी ठेवली, मोबाईलवर असो, भिंतीवर असो, सभेत असो, तर तिच्यातली आडनावं वाचण्याआधी तिच्यात कुणाची नावं नाहीत ते शोधा. भाव वाढवणाऱ्याचं नाव आहे का? कारखाना बंद करणाऱ्याचं आहे का? शाळेत मास्तर न नेमणाऱ्याचं आहे का? नसेल तर ती यादी अपुरी आहे म्हणून सांगा आणि पुढं पाठवू नका. एवढं तर आपल्या हातात आहे.